यमकाच्या दोरीला बांधलेला उंट

दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या चित्रपुस्तकांत एक लहानसा पण फार टिकाऊ प्रकार असा आहे, की ज्यात कुणीतरी भलताच प्राणी पाळायला घरी आणतो, म्हणजे कुत्र्यामांजरांच्या जागी मगर, गेंडा, शहामृग किंवा कुठल्याही प्राणिसंग्रहालयात न सापडणारे एखादे काल्पनिक जनावर येते, आणि त्यापायी घरात उडणारी तारांबळ यमकबद्ध ओळींत सांगितली जाते. सचित्र पुस्तकात चित्र मजकुराची केवळ सोबत करते, तर चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रच सांगत असते आणि मजकूर मुद्दाम काही गोष्टी चित्रावर सोपवून मोकळा होतो, हा फरक येथे ध्यानात ठेवावा लागतो. ही पुस्तके मुलांना आवडतात हे सर्वांनाच दिसते. ती इतकी का आवडतात, याचे उत्तर मात्र यमक आणि प्राणी या दोन गोष्टींचा वेगवेगळा विचार करून मिळत नाही. यमकामुळे पुढचा शब्द कसा असेल याचा अंदाज मुलाला आधीच येतो, आणि विचित्र प्राण्यामुळे घरात काय घडावे याबद्दलचा त्याचा अंदाज साफ कोसळतो; एकाच पानावर मूल कानाने बरोबर ठरते आणि डोळ्यांनी चकित होते, आणि या दुहेरी अनुभवातच या पुस्तकांची सारी ताकद आहे.

या प्रकाराच्या मुळाशी खरोखरच एक प्राणिसंग्रह आहे, ही साहित्येतिहासातील मोठी सुखद गोष्ट म्हणावी लागेल. १८१२ मध्ये जन्मलेला एडवर्ड लिअर हा इंग्रज चित्रकार विशीत प्रवेश करता करता पोपटांच्या चित्रांचा एक भव्य संग्रह काढून प्रसिद्धीस आला, आणि त्या कामामुळे लिव्हरपूलजवळच्या नोज्ली येथील डर्बीच्या उमराव घराण्याने आपल्या खासगी संग्रहातील देशोदेशींच्या पशुपक्ष्यांची चित्रे काढण्यासाठी त्याला बोलावले. दिवसभर पिसे, चोच आणि नख्या यांचे काटेकोर रेखाटन करणारा हा माणूस त्या घरातील मुलांसाठी मात्र पाच ओळींची अर्थहीन वाटणारी यमके रचत असे आणि शेजारी तशीच वेडीवाकडी चित्रे काढत असे. त्यांचे पुस्तक १८४६ मध्ये टोपणनावाने निघाले. ज्याला खरा प्राणी अचूक माहीत होता त्यानेच खोटा प्राणी इतक्या विश्वासाने रचला, हे लिअरच्या बाबतीत विसरून चालत नाही, कारण वेडेपणाच्या कवितेलाही आतून एक शिस्त लागते आणि ती निरीक्षणातून येते. हाच लिअर पुढे १८७३ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदरात उतरला आणि वर्षाहून अधिक काळ भारतात चित्रे काढत फिरला.

मुलांना ही उलटापालट का हवी असते याची सर्वांत समजूतदार मीमांसा कर्नेई चुकोव्स्की या रशियन कवीने केली. त्याची स्वतःची मुलगी दोन वर्षांची होण्याच्या बेतात असताना कुत्रा म्याऊ करतो असे एकदा जाहीर करून आनंदाने हसू लागली, आणि ती चुकलेली नसून तिने आयुष्यातला पहिला विनोद केला आहे, हे बापाच्या लक्षात आले. कुत्रा भुंकतो हे ज्ञान पक्के झाल्याशिवाय त्याच्याशी असे खेळता येत नाही; म्हणजे उलट्या जगाची गंमत ही सुलट जग कळल्याची पावती असते, आणि खेळता खेळता ते ज्ञान आणखी घट्ट होते. ‘दोन ते पाच’ या आपल्या ग्रंथात चुकोव्स्कीने हा विचार विस्ताराने मांडला. त्याच्या ‘मगर’ या १९१७ च्या पद्यकथेत पेत्रोग्रादच्या भर रस्त्यावरून सिगारेट ओढत एक मगर फिरते. या पद्यकथेवर १९२८ मध्ये लेनिनची पत्नी आणि शिक्षणक्षेत्रातील बडी अधिकारी नादेझ्दा क्रुप्स्काया हिने ‘प्रावदा’तून कडक टीका केली, कारण अशा पुस्तकातून मुलाला मगरीविषयी खरी माहिती काहीच मिळत नाही असे तिचे म्हणणे होते. मॅक्सिम गॉर्कीने चुकोव्स्कीची बाजू घेतली. मुलांच्या पुस्तकाने काहीतरी ‘शिकवले’ पाहिजे, असे म्हणणारा पालक आजही नकळत क्रुप्स्कायाच्याच बाजूला उभा असतो, आणि त्याच्या शंकेला थोडा आधारही आहे, तो पुढे पाहू.

भारतात या परंपरेचे शिखर म्हणजे सुकुमार राय यांचा ‘आबोल ताबोल’ हा १९२३ मधील बंगाली संग्रह, ज्यात दोन प्राणी एकमेकांत मिसळून तयार झालेली, अर्धे बदक आणि अर्धे साळिंदर अशासारखी जनावरे वावरतात. मराठीत विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’ हा बालकवितासंग्रह १९६१ मध्ये आणि ‘एटू लोकांचा देश’ १९६३ मध्ये दिला, आणि उपदेशाने जडावलेल्या मराठी बालकवितेला त्यांनी मनमुराद वेडेपणाचा हक्क मिळवून दिला. त्याही आधीपासून घराघरांत चालत आलेली बडबडगीते, म्हणजे अर्थापेक्षा नादावर चालणारी आणि मुलाला मांडीवर घेऊन म्हटली जाणारी गाणी, हीच याची खरी पायाभूमी होय. अनोखा पाळीव प्राणी मराठी मनाला परका आहे असेही कुणी म्हणू नये, कारण तानाजीच्या यशवंती घोरपडीची आख्यायिका येथे पिढ्यान् पिढ्या शाळकरी मुलांना सांगितली जाते, आणि प्राण्याचे नाव लक्षात राहावे इतक्या आपुलकीने सांगितली जाते.

अमेरिकेत थिओडोर गाइसल, म्हणजे डॉ. सूस, याने हा प्रकार शाळेच्या दारापर्यंत नेला. मुलांची सुरुवातीची वाचनपुस्तके इतकी नीरस असतात की मुले वाचायला शिकत नाहीत, अशी ओरड १९५४ च्या सुमारास तेथे सुरू झाली होती, आणि एका प्रकाशकाने सूसला पहिलीच्या मुलांना ठाऊक असलेल्या शब्दांची मर्यादित यादी देऊन तिच्यातून गोष्ट लिहायला सांगितले. १९५७ मध्ये निघालेल्या ‘द कॅट इन द हॅट’ या पुस्तकात अवघे २३६ वेगवेगळे शब्द आहेत, आणि आगंतुक बोका घरात शिरून जो गोंधळ घालतो तो एवढ्याच शब्दांत मावतो. सूसच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच्या कागदपत्रांत सापडलेले आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले एक पुस्तक तर पाळीव प्राणी निवडण्याविषयीच आहे. दोन भावंडे दुकानात जातात, खऱ्याखोट्या प्राण्यांचा विचार करतात, आणि शेवटी त्यांनी काय घेतले हे वाचकाला सांगितलेच जात नाही. हा मोकळा सोडलेला शेवट सूसने मुलांवर टाकलेल्या विश्वासाचा पुरावा आहे.

यमकाचा आणि वाचनाचा संबंध केवळ करमणुकीपुरता नाही, हे दाखवणारे महत्त्वाचे संशोधन लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी ऑक्सफर्ड येथे केले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. अद्याप वाचता न येणाऱ्या, चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना त्यांनी काही शब्द ऐकवून त्यांतला नादाने वेगळा पडणारा शब्द ओळखायला सांगितले, म्हणजे मराठीत ‘गाडी, माडी, साडी, फळा’ म्हणून त्यांतला उपरा कोणता हे विचारावे तसे. ज्यांना हे चांगले जमले ती मुले काही वर्षांनी वाचनात आणि शुद्धलेखनातही पुढे असल्याचे आढळले. यामागचे कारण समजायला सोपे आहे. बोलताना शब्द हा अर्थाचा अखंड गोळा असतो, पण यमक ऐकणाऱ्या मुलाला शब्दाचे तुकडे पडतात आणि त्यांतला एक तुकडा दुसऱ्या शब्दातही असतो, हे प्रथमच जाणवते, आणि लिपी शिकण्याची पूर्वतयारी ती हीच.

तरीही हे निष्कर्ष मराठीवर जसेच्या तसे लादू नयेत, कारण इंग्रजीत एक अक्षरचिन्ह एकेका सुट्या ध्वनीसाठी असते, तर देवनागरीत ‘की’ किंवा ‘त्रु’ अशा उच्चारखंडाला मिळून एक अक्षर होते. सोनाली नाग यांनी कन्नड शाळकरी मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये असे दाखवले, की अशा लिपीत मुलांना उच्चारखंड लवकर कळतात आणि त्यांच्या आतले सुटे ध्वनी बऱ्याच उशिरा हाती येतात. मराठी यमक मुख्यतः उच्चारखंडांवर उभे असल्याने ते या वाटेवर मुलाला लवकर आणि सहज साथ देते, असे यावरून म्हणता येते.

मात्र मराठीत यमकाचा एक सोपा आणि घातक मोह आहे, आणि मुलांसाठी लिहिणारे पुष्कळजण त्याला बळी पडतात. मराठी वाक्याच्या शेवटी सहसा क्रियापद येते आणि क्रियापदांचे प्रत्यय थोडेच असतात, त्यामुळे ‘येतो–जातो–खातो’ किंवा ‘आली–गेली–प्याली’ अशी यमके आपोआप, काहीही न करता जुळतात. अशा ओळींत मुलाला अंदाज बांधायला काही उरत नाही, कारण ‘-तो’ कशालाही लागतो. याउलट पुढील दोन जोड्या पाहाव्यात, ज्या केवळ उदाहरणापुरत्या रचल्या आहेत:

न्हाणीघरात कसली धडपड?
बादलीमागे बसली घोरपड!

अंगणात ठोकला लाकडी खुंट,
दोरीला बांधला पाहुणा उंट.

पहिल्या जोडीत ‘धडपड’ हा शब्द ऐकताच मुलाच्या कानात ‘-रपड’, ‘-डपड’ असे काहीतरी घोळू लागते, आणि त्या नादात बसेल असा प्राणी त्याला स्वतःच्या शब्दसंग्रहात शोधावा लागतो. मोठ्याने वाचणाऱ्याने ‘बादलीमागे बसली’ इथवर येऊन थांबावे, पान उलटू नये, आणि चित्रात बादलीच्या कडेने केवळ शेपटीचे टोक दिसत असेल तर त्यावर बोट ठेवावे. मूल प्रथम ‘पाल’ म्हणेल, कारण न्हाणीघरात तिलाच त्याने पाहिलेले असते. नाद मात्र बसत नाही, म्हणून ते अडेल, पुन्हा ऐकायला मागेल आणि मग घोरपड सापडली की ओरडेल. येथे मुलाने डोळ्यांचा पुरावा आणि कानांचा पुरावा ताडून पाहिला, अर्थाला चालणारे पण नादाला न चालणारे उत्तर स्वतः बाद केले, आणि हे सर्व कुणी शिकवल्याशिवाय केले. ज्याला घोरपड हा शब्दच माहीत नसेल त्यालाही काही हरकत नाही. पान उलटल्यावर जो नवा शब्द येतो तो आधीच तयार झालेल्या रिकाम्या जागेत नेमका जाऊन बसतो. कॅलिफोर्नियातील कर्स्टन रीड यांनी दोन ते चार वर्षांच्या मुलांना काल्पनिक राक्षसांची नवीन नावे असलेल्या गोष्टी वाचून दाखवून २०१४ मध्ये हेच पडताळून पाहिले, आणि नाव यमकाच्या जागी आले व वाचणारा त्याआधी क्षणभर थांबला, तर मुले ते नाव अधिक चांगले लक्षात ठेवतात असे त्यांना आढळले. घाईघाईने, एका दमात, ठेक्यात वाचून टाकणारा मोठा माणूस पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग मुलाच्या हातून काढून घेतो, असेच यावरून म्हणावे लागते.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याच्या हट्टाने मोठी माणसे कंटाळतात, आणि तो कंटाळा स्वाभाविक आहे. पण ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या २०११ च्या अभ्यासात, नवे शब्द तितक्याच वेळा कानावर पडूनही, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा तीच गोष्ट वारंवार ऐकणाऱ्या मुलांनी ते अधिक पक्के केले. यमकबद्ध पुस्तक मुलाला लवकर पाठ होते, आणि मग आजीने एखादा शब्द मुद्दाम बदलला की नातू तिला तिथेच अडवतो. असे मुद्दाम चुकावेच.

मराठीपुरता आणखी एक लाभ असा आहे की ज्याची चर्चा क्वचितच होते. मराठीत प्राण्याच्या नावाबरोबर लिंग येते आणि ते साऱ्या ओळीला आपल्यामागे ओढत नेते: तो उंट आला, ती खार आली, ते कासव आले. महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात वाढणाऱ्या, घरी मराठी ऐकूनही बाहेर दुसऱ्याच भाषेत वावरणाऱ्या मुलांची जीभ नेमकी येथे अडखळते. नियम सांगून हे दुरुस्त होत नाही. पण ज्या पुस्तकात दर पानावर नवा पाहुणा येतो, काहीतरी सांडतो आणि हाकलला जातो, त्यात ‘आला-गेला’, ‘आली-गेली’, ‘आले-गेले’ ही रूपे ठेक्यासह इतक्या वेळा कानावर पडतात की ती अंगवळणी पडतात. क्रियापदाचा जो प्रत्यय यमक म्हणून कुचकामी ठरतो, तोच ओळीच्या मध्यात बसला की असा उपयोगी पडतो. दूरदेशी असलेल्या आजीआजोबांनी पडद्यावरून पुस्तक दाखवत वाचले तरीही हे घडते, फक्त थांबा थोडा लांब घ्यावा लागतो, कारण पलीकडून आवाज उशिरा पोचतो.

कोणता प्राणी अनोखा, हे मात्र पुस्तक ठरवू शकत नाही. इंग्रजी पुस्तकातल्या मुलाने कोंबडी किंवा बकरी पाळली की ती गंमत ठरते, पण धुळे किंवा गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यातल्या मुलाला त्यात काहीच वावगे वाटणार नाही, आणि पिंजऱ्यातल्या चक्रात धावणारा हॅमस्टर मात्र त्याला अजब वाटेल. मुंबईतल्या दहाव्या मजल्यावरच्या मुलाला गोठ्यातली म्हैस गेंड्याइतकीच नवलाची असू शकते. बाहेरच्या पुस्तकाचे भाषांतर वाचताना हा विनोद निसटतो, आणि म्हणूनच शिक्षकांनी व पालकांनी आपल्या गावाच्या मापाने स्वतः चार ओळी जुळवाव्यात, चित्रे मुलांकडून काढून घ्यावीत, आणि वही शिवून तिचे पुस्तक करावे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने मराठी चित्रपुस्तकाला घरातल्या साध्या गोष्टींवर प्रेम करायला शिकवले आहे. त्याच साध्या घरात आता एखादा उंट यायला हवा.

क्रुप्स्कायाच्या आक्षेपाकडे आता वळता येईल. टोरांटोच्या पॅट्रिशिया गॅनिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लहान मुलांना त्यांच्या अपरिचित अशा काही प्राण्यांची पुस्तके वाचून दाखवली. ज्या पुस्तकांत प्राणी माणसांसारखे बोलत-वागत होते, त्यांतून मुलांनी खरी माहिती कमी उचलली आणि प्राण्यांना माणसांचे गुण चिकटवण्याकडे त्यांचा कल वाढला. म्हणजे यमकबद्ध गमतीच्या पुस्तकाकडून प्राणिशास्त्राची अपेक्षा ठेवू नये, आणि त्याच आठवड्यात त्या प्राण्याचे एखादे खरी छायाचित्रे असलेले पुस्तकही मुलासमोर यावे. गमतीचे पुस्तक कुतूहल जागे करते. ते भागवण्याचे काम दुसऱ्या पुस्तकाचे आहे.

या कुतूहलाचे सर्वांत नेहमीचे रूप म्हणजे ‘आपण घोरपड पाळूया का’ हा प्रश्न, आणि तो आला तर त्याला खरेखुरे उत्तर द्यायला हवे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोरपडच काय, आपल्याकडचा साधा रानपोपट किंवा पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेले तारांकित कासवही घरात ठेवता येत नाही, आणि पिंजऱ्यातला पोपट कितीही घरांच्या ओसरीत टांगलेला दिसला तरी त्यामुळे तो कायदेशीर होत नाही. शिवाय कासव, सरडे यांसारख्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जुलाब व ताप आणणारे जंतू असू शकतात. अमेरिकेत मुले आजारी पडू लागल्यामुळे चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी घातली गेली, आणि पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात असे प्राणी नसावेत असा सल्ला तेथील आरोग्ययंत्रणा देते. रॉड कॅम्पबेल यांच्या ‘डिअर झू’ या १९८२ च्या पुस्तकात यमक नाही, पण प्राणिसंग्रहालयाने पाठवलेला प्राणी मूल परत का धाडते याचे कारण दर पानावर दिलेले आहे, आणि हीच रीत घरी वापरता येते: उंट ठेवायचा कुठे, त्याला रोज पाणी किती, रात्री तो ओरडला तर शेजारचे काका काय म्हणतील, आणि मुख्य म्हणजे उंटाला जिना चढायला आवडेल का. हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे यांनी वाढवलेल्या अनाथ बिबट्यांच्या आणि अस्वलांच्या हकिकती, ज्या त्यांनी ‘रानमित्र’ या पुस्तकात लिहिल्या आहेत, थोड्या मोठ्या मुलांना यानंतर जरूर वाचून दाखवाव्यात. त्यांत जंगली प्राण्यावरची माया आणि त्यासाठी करावे लागणारे अखंड कष्ट एकत्रच दिसतात, आणि प्राणी कुणाच्या हौसेखातर तेथे आलेले नसून त्यांची आई मारली गेली म्हणून आलेले असतात, हेही मुलांना त्यांतून कळते.